गाऱ्हाणे कुठे न्यावे

जानेवारी 1324 मध्ये ठाण्यात बसून एका संन्याशाने आपल्या धर्मबंधूंना पत्र लिहिले. नाव जॉर्डेनस, संघ डॉमिनिकन. तीनेक वर्षांपूर्वी तो चार फ्रान्सिस्कन सोबत्यांबरोबर होर्मुझहून केरळातल्या कोल्लमला निघाला होता. वादळवाऱ्याने गलबत ठाण्याच्या बंदरात आणून टाकले. इथे तेव्हा नेस्टोरियन पंथाच्या ख्रिस्ती लोकांची काही घरे होती. त्यांनी या मंडळींना आसरा दिला. जॉर्डेनसला फारसी बरी येत होती, म्हणून तो एकटा भडोचकडे निघाला. वाटेत सोपाऱ्याला थांबला असताना बातमी आली की ठाण्यात मागे राहिलेले चौघे पकडले गेले. तो परतेपर्यंत चौघेही मारले गेले होते: टोलेंटिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री. साल 1321. जिनोव्हाच्या एका तरुणाला हाताशी धरून त्याने त्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले, आणि पुढची अडीचपावणेतीन वर्षे या किनाऱ्यावर एकट्याने काढली.

पत्रात या दिवसांचा हिशेब आहे आणि तो काही गोड भाषेत नाही. चाच्यांनी धरून नेले, कैदेत टाकले, आरोप झाले, शिव्याशाप झाले. संघाचा झगा गेला, नुसत्या सदऱ्यावर भटक्यासारखे हिंडावे लागले. भूक, तहान, ऊन, थंडी, आजारपण, गरिबी. आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे स्वतःला ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांनीच केलेली बदनामी. माणूस काही गिळत नाही, सगळे सांगतो. पण यादी संपली म्हणून पत्र संपत नाही. मरेपर्यंत हे सोसायला तयार आहे, असे तो म्हणतो. त्याची जी दोन पत्रे आज उपलब्ध आहेत त्यांत कामाची बोलणीही आहेत: कुठे किती जणांचा बाप्तिस्मा झाला, कोणत्या ठिकाणी काम उभे राहील, माणसे पाठवा. पुढे 1329 मध्ये पोप बाविसाव्या जॉनने त्याला कोल्लमचा बिशप नेमले.

पुढच्या पानांचा विषय कुरकुर हा आहे, आणि तिच्यातून विश्वासाने व धीराने बाहेर कसे पडायचे हा. ठाणे, कळवा, डोंबिवली, कल्याण इथल्या घरगुती प्रार्थनासभांत एकेक प्रकरण वाचले जावे अशा बेताने ती लिहिली आहेत. अशा पुस्तकाच्या दारात स्वागताला कोणी हसतमुख संत उभा करावा अशी रीत आहे. मी मुद्दाम ठाण्यातच बसून गाऱ्हाणे लिहिणारा माणूस उभा केला, कारण या विषयावर आपल्याकडे जे बोलले जाते त्यातले निम्मे मला पटत नाही.

जे बोलले जाते ते असे: तक्रार करणे हे अविश्वासाचे लक्षण, देवाने दिले त्यात समाधान माना, तोंड मिटा, धीर धरा. ऐकायला बरे वाटते. घरी जाऊन बायबल उघडले की पंचाईत होते. स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रे. त्यांतली जवळजवळ एकतृतीयांश विलापाची, म्हणजे सरळसरळ देवापाशी केलेली तक्रार आहे. किती दिवस विसरणार, तोंड का फिरवलेस, माझे शत्रू मजेत का? अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारात सुरू होऊन अंधारातच संपते. शेवटी दिलाशाची एक ओळसुद्धा नाही. ईयोबाने आपल्या जन्मदिवसाला शाप दिला, देवाला कोर्टात खेचायची भाषा केली, आणि ग्रंथाच्या अखेरीस देव म्हणतो की माझ्याविषयी नीट बोलला तो हाच. धर्माची वकिली करणारे त्याचे मित्र नव्हेत. हन्ना मंदिरात इतकी कळवळून बोलत होती की एली याजकाला ती प्यायलेली वाटली. तिला कोणी गप्प केले नाही, आणि करू पाहणाऱ्या एलीला आपले शब्द मागे घ्यावे लागले.

मग शास्त्र ज्या कुरकुरीवर एवढे तुटून पडते ती कोणती?

ती वाळवंटातली. पण वाळवंटाच्या आधीची गोष्ट आपण घाईत ओलांडतो. इस्राएल लोक मिसरात विटा थापत होते तेव्हाही ते कण्हत होते, ओरडत होते, आणि निर्गमाच्या दुसऱ्या-तिसऱ्या अध्यायांत देव म्हणतो की मी ते ऐकले आणि खाली उतरलो. सुटकेची सगळी कथा एका आक्रोशातून सुरू होते. तेच लोक, तीच तोंडे, समुद्र ओलांडून पलीकडे गेली आणि आता त्यांच्या बोलण्याला वेगळे नाव मिळाले. फरक काय पडला? अनुवादाच्या पहिल्या अध्यायात आणि एकशे सहाव्या स्तोत्रात एक बारीक तपशील आहे: ते आपापल्या तंबूंत कुरकुरले. देव छावणीच्या मध्यावर, निवासमंडपात. मोशे हाकेच्या अंतरावर. आणि बोलणे चालले होते तंबूच्या आत, शेजाऱ्याशी, कनातीआडून. पत्ता चुकलेले पत्र जसे या पोस्टातून त्या पोस्टात फिरत राहते तसे ते तंबूतंबूंतून फिरत राहिले. जिथे पोचायला हवे तिथे ते कधी टाकलेच नव्हते.

गणनाचा अकरावा अध्याय तर डोंबिवली-कल्याणच्या वाचकाला समजावून सांगायला नको. मान्ना खाऊन कंटाळलेल्या लोकांना मिसरातले जेवण आठवते: फुकटात मिळणारे मासे, काकड्या, खरबुजे, कांदे, लसूण. चाबूक आठवत नाही, विटा आठवत नाहीत, नदीत बुडवलेली मुले आठवत नाहीत. आपल्याकडे गिरगाव, परळ, लालबागच्या चाळी सोडून रेल्वेमार्गाने इकडे आलेल्यांची एक अख्खी पिढी आहे. दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसे, पहाटे चारला पाण्याची रांग, मजल्याच्या टोकाला सगळ्यांचा मिळून संडास. इकडे आल्यावर स्वतःचा नळ आला, स्वतःचा दरवाजा आला. तीस वर्षांनी विचारा, तर आठवते ती गॅलरी, गणपतीतली रात्र आणि "ऑफिस पायी दहा मिनिटांवर होते". यात खोटे काही नाही. काकड्याही खोट्या नव्हत्या. पण आठवणीने निवडून काढलेला भूतकाळ आजच्या ताटावर ठेवला की ताटातले सगळे बेचव होते. मान्ना रोजच्या रोज वेचायचा होता, उद्यासाठी ठेवला तर त्यात किडे पडत. आजचे आज, एवढ्यावर विसंबणे त्यांना जड गेले, आणि त्याच जडपणाची पुढे कुरकुर झाली.

याच अध्यायात मोशेही तक्रार करतो, आणि लोकांपेक्षा कडक. हे सगळे लोक मी का पोटात वागवले, मी का यांना जन्म दिला, असेच वागवणार असशील तर मला मारून टाक, असे तो देवाला तोंडावर सांगतो. लोकांच्या कुरकुरीला उत्तर म्हणून लावे पक्षी येतात, नाकातून बाहेर पडेपर्यंत मांस मिळते आणि मागोमाग मरी येते. मोशेच्या तक्रारीला उत्तर म्हणून सत्तर वडील मिळतात, ओझे वाटून घेतले जाते. शब्दांचा तिखटपणा मोजला तर मोशेलाच शिक्षा व्हायला हवी होती. पण मोशे देवाशी बोलला. लोक देवाविषयी बोलले.

आता रेल्वे. ठाण्यापलीकडच्या माणसाला धीरावर उपदेश करताना आधी सकाळचा आठचा फलाट बघून यावे. डोंबिवलीला गाडीत पाय ठेवायला मिळत नाही म्हणून लोक उलटे कल्याणला जातात आणि तीच गाडी पकडून रिटर्न येतात. बसायला मिळावे एवढ्यासाठी रोजचा अर्धा तास जास्त. डब्यात दोन गट असतात. एका टोकाला भजनी मंडळ, टाळ वाजताहेत, उभा माणूसही मान डोलावतोय. दुसऱ्या टोकाला चर्चासत्र: गाड्या, पाणी, खड्डे, साहेब, सून. दोघांनाही घामाची सारखीच धार लागलेली असते. दुसऱ्या टोकाला मी स्वतः पुष्कळ उभा राहिलो आहे आणि तिथे करमणूक होते हे नाकारत नाही. कुरकुरीत एक प्रकारची मैत्री असते. ज्याच्याशी बोलायला दुसरे काही नाही त्याच्याशीही गाडी लेट झाल्याबद्दल बोलता येते. म्हणूनच ती सुटत नाही.

पण 9 जून 2025 च्या सकाळी मुंब्र्याजवळ दोन लोकल एकमेकींशेजारून जात असताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि काही जण जिवाला मुकले. त्या दिवशी कोणी ख्रिस्ती माणसाने "धीर धरा, देवाची इच्छा" असे म्हटले असेल तर ते धीराचे बोल नव्हते. गर्दीची तक्रार रेल्वेकडे नेणे, पुन्हा नेणे, प्रवासी संघटनेच्या बैठकीला जाऊन बसणे, हे ज्याच्या हातात काही करणे आहे त्याच्यापर्यंत बोलणे पोचवणे झाले. कल्याणचा पत्रीपूल 1914 चा. 2018 मध्ये धोकादायक म्हणून पाडला, नवा खुला व्हायला जानेवारी 2021 उजाडला. तेवढ्या काळात त्या चौकात अडकलेल्यांनी हॉर्न किती वाजवले आणि अर्ज किती दिले, हा प्रश्न मला कुरकुरीच्या संदर्भात नेहमी पडतो.

इथे पौल कामाला येतो. कुरकुर न करता सगळे करा, असे तो फिलिप्पैकरांना लिहितो, तेही कैदेतून. ही ओळ भिंतीवरच्या कॅलेंडरवर छापून आपण मोकळे होतो. फिलिप्पै हे गाव पौलाला कसे ओळखत होते ते प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात आहे. तिथे त्याला आणि सीलाला चौकशीशिवाय फटके मारून खोड्यात अडकवले होते. मध्यरात्री दोघे स्तोत्रे गात होते, हे प्रवचनांत येते. सकाळी काय झाले ते सहसा येत नाही. अधिकाऱ्यांनी निरोप धाडला: सोडून द्या त्यांना. पौल म्हणाला, जात नाही. आम्ही रोमन नागरिक, गुन्हा शाबीत नसताना चारचौघांत मारलेत, आता गुपचूप हाकलता? स्वतः या आणि बाहेर पोचवा. आणि ते आले. रात्री गाणारा आणि सकाळी अडून बसणारा, दोन्ही एकच माणूस आहे. फिलिप्पैच्या मंडळीला कुरकुर करू नका हे त्याच्याकडून ऐकताना ती सकाळ आठवत असणारच, कारण तुरुंगाचा नाईकच त्या रात्री कुटुंबासकट विश्वासात आला होता.

हे न सांगता धीर शिकवला की तो दुबळ्याच्या गळ्यात पडतो, आणि आपल्याकडे बहुधा बाईच्या. नवरा मारतो असे सांगत आलेल्या बाईला "प्रभूने वधस्तंभ वाहिला, तू एवढे सोस" असे सांगणारे पाळक आणि वडीलधारी मंडळी मी ऐकली आहेत. ठाण्याच्या 1321 च्या घटनेतही असा एक धागा आहे. काही वर्षांतच इथून गेलेला प्रवासी ओडोरिक सांगतो की ज्या घरी संन्यासी उतरले होते तिथल्या नवऱ्याने बायकोला मारले, ती काझीकडे दाद मागायला गेली, साक्षीदार म्हणून तिने घरातल्या पाहुण्यांचे नाव सांगितले आणि तिथून प्रकरण वेगळ्याच वळणावर गेले. शतकानुशतके या कथेत चार हुतात्मे आठवले जातात, ते योग्यच. त्या बाईला पुढे न्याय मिळाला का, हे विचारणारा वाचक मला अजून भेटलेला नाही. पंडिता रमाबाईंनी विचारले असते. 1897 च्या प्लेगात पुण्यातल्या सरकारी इस्पितळात बायकांची काय अवस्था होते, याविषयी त्यांनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये उघड पत्र लिहिले. त्याच सुमारास दुष्काळातल्या मुली केडगावला आणून सांभाळण्याचे कामही चालू होते. तक्रार आणि सेवा या दोन गोष्टी त्यांच्याकडे आळीपाळीने चालत नव्हत्या.

मराठी ख्रिस्ती घरात या विषयावरचे सर्वांत चांगले पुस्तक आधीच आहे, फक्त ते भक्तीच्या कपाटात ठेवलेले नाही. लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे'. नारायण वामन टिळकांचे लहानपणीचे शिक्षण 1869 ते 1873 या काळात कल्याणला झाले, तेव्हा हा भाग त्यांच्यावर थोडासा हक्क सांगू शकतो. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि लक्ष्मीबाईंच्या पायाखालची जमीन गेली. पुढची काही वर्षे मुलाला घेऊन त्या नवऱ्यापासून दूर, नातलगांच्या आधाराने राहिल्या. 1900 मध्ये त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या. गाऱ्हाण्यांची कमतरता नव्हती. वडिलांचे सोवळे असे की बाजारातून येणारी वस्तू धुतल्याशिवाय घरात येत नसे. नवरा असा की हातात आलेला पैसा कोणाला देऊन टाकेल याचा नेम नाही. हे सगळे 1934 पासून छापून यायला लागले तेव्हा वाचणाऱ्याला हसू आवरेना. लक्ष्मीबाईंनी लपवले काहीच नाही, गोड केले नाही, टिळकांना देव्हाऱ्यात बसवले नाही. पण त्या स्वतःलाही त्याच नजरेने पाहतात, आणि जो स्वतःला हसू शकतो त्याच्या तक्रारीला विष चढत नाही. टिळकांच्या मागे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पुरे केले तेही याच बाईने. या पुस्तकातले कोणतेही प्रकरण जड वाटले तर ते मिटून 'स्मृतिचित्रे' उघडावे. लेखकाची हरकत नसावी.

आता थोडे आपल्या प्रार्थनासभांविषयी. तिथे कुरकुर दोन वेषांत येते. एक वेष सर्वांना माहीत आहे: साक्ष देताना सगळे छान, प्रभूची स्तुती असो, आणि जिना उतरताना खरी गोष्ट. दुसरा जास्त हुशार. "अमक्या बहिणीसाठी प्रार्थना करू या, म्हणजे तिच्या सुनेचे जरा…" इथे आवाज खाली येतो, खुर्च्या जवळ सरकतात, आणि पुढची दहा मिनिटे जे चालते त्याला डोळे मिटलेले असतात एवढेच प्रार्थनेशी साम्य. बहीण हजर नसते, सून तर नसतेच. मला वाटते, वाळवंटातला तंबू आज कुठे शोधायचा तर बऱ्याचदा इथेच. याउलट एखादी म्हातारी उठून "देवा, तीन महिने झाले, मुलाला नोकरी नाही, तू काय करतोयस?" असे सगळ्यांसमोर विचारते तेव्हा सभा अवघडते, कोणीतरी घाईने गीत सुरू करते. ते गीत थांबवायला या पुस्तकाने शिकवले तरी पुष्कळ झाले.

धीराचा भाग मी शेवटी आणला कारण तो शेवटीच येतो. हबक्कूक आधी देवाशी भांडतो. अन्याय का पाहू देतोस, हा त्याच्या पहिल्याच प्रश्नांतला एक. मग तो पहाऱ्याच्या बुरुजावर जाऊन उभा राहतो, काय उत्तर येते ते बघायला. गाऱ्हाणे पोचते केल्यानंतरचे हे उभे राहणे म्हणजे धीर. गाऱ्हाणे सांगितलेच नसेल तर वाट तरी कशाची पाहणार? याकोब आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात शेतकऱ्याचे उदाहरण देतो, पहिल्या आणि शेवटच्या पावसाची वाट पाहणाऱ्याचे, आणि लगेच सांगतो की एकमेकांविरुद्ध कुरकुरू नका. कल्याण तालुक्यात ज्यांची भातशेती अजून शिल्लक आहे त्यांना हे पटेल. रोप लावून झाल्यावर शेतकरी हात जोडून बसत नाही. बांध बघतो, पाणी फोडतो, तण काढतो. फक्त पाऊस तो पाडत नाही, आणि आपण तो पाडत नाही हे त्याला ठाऊक असते. विश्वास म्हणजे हे ठाऊक असणे, असे मला वयाबरोबर वाटू लागले आहे. पौलाने समाधानाविषयी लिहिताना आपण ते शिकलो असे म्हटले आहे, म्हणजे त्यालाही ते अंगभूत नव्हते.

वाचण्याच्या क्रमाविषयी दोन गोष्टी. फिलिप्पैकरांच्या पत्रापासून सुरुवात करू नये. गणनापासून करावी, नाहीतर आज्ञा आधी आणि माणसे नंतर असा घोळ होतो. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राचे प्रकरण वाचल्यावर त्या दिवशी दुसरे काही वाचू नये आणि त्याला गोड शेवट जोडू नये. घरात गंभीर आजार असेल, तर त्या घरी हे पुस्तक भेट म्हणून नेऊ नये. पहिल्या बैठकीला मात्र सर्वांनी वही आणावी. प्रत्येकाने आपली एक चालू तक्रार लिहावी आणि तिच्याखाली ती कोणापुढे मांडायची त्याचे नाव. नाव देवाचे असेल तर तिथेच, मोठ्याने. जावेचे असेल तर सभा सुटल्यावर तिच्या घरी. महापालिकेचे असेल तर दुसऱ्या दिवशी अर्ज द्यावा, आणि पोच घ्यायला विसरू नये.